पाच वाजताचं वाचन

आमच्या घरात पुस्तक उघडून पाठ म्हणणं म्हणजे पंगतीत शेजारच्याच्या पानात हात घालण्यासारखं आहे. कोणी मारत नाही, पण सगळे बघतात. माझे बाबा, नरहरगुरुजी, बनारसच्या ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत मुलांना वेद शिकवतात. पुढच्या खोलीत आठ मुलं मांडी घालून बसतात. बाबा एकदा म्हणतात, मुलं दोनदा म्हणतात, आणि हे सकाळी सहापासून चालतं. पोथ्या आहेत, पण त्या लाल कापडात बांधून कपाटात. पाठ म्हणताना एखाद्याने चोरून कागद काढला तर बाबा एवढंच विचारतात, "डोळ्यांनी म्हणतोस की तोंडाने?" मग तो मुलगा दोन दिवस कोणाशी बोलत नाही.

मी त्या खोलीत कधी बसले नाही. मी मधल्या खोलीत भूगोल घोकायचे, पण कान काही मिटता येत नाहीत. नऊ वर्षांची असताना एकदा भाजी निवडता निवडता मी मुलांचा अख्खा पाठ म्हणून दाखवला. आई हसली. बाबा हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जाता जाता म्हणाले, "तिसऱ्या ओळीत आवाज खाली जातो, मुक्ते, वर नाही." बास, तेव्हापासून मला माझ्या पाठांतराचा गर्व आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या गर्वानेच झालं.

दहावीनंतर मी जाहीर केलं की मला नावांच्या, म्हणजे होड्यांच्या, इंजिनांचा डिप्लोमा करायचाय. मग आई म्हणाली, "अगं, तू त्या काळ्या तेलात हात घालणार? आणि लोक पूछतील तेव्हा काय सांगू?" पुण्याच्या आत्याने फोनवर विचारलं, "म्हणजे ती मेकॅनिक होणार का?" असं, की जणू मी सर्कशीत चालले होते. बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला. "शिकवणार कोण?"

तो प्रश्न बरोबर होता, कारण आमच्या डिप्लोमात शिकवणारे दोन आहेत. सोमवार ते बुधवार शिवपूरच्या संस्थेत वर्ग: गॅस म्हणजे काय, दाब म्हणजे काय, इंजिन उलटं फिरलं तर काय. गुरुवार ते शनिवार खरोखरच्या कामावर, घाटावर, उस्तादाच्या हाताखाली. वर्गाच्या मालविका मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तीन दिन दिमाग, तीन दिन हाथ. दोनों की हाज़िरी अलग-अलग लगेगी." अर्धे गुण इकडचे, अर्धे तिकडचे. दुसऱ्या वर्षी कामाचे अठ्ठेचाळीस दिवस भरले पाहिजेत, आणि प्रत्येक दिवसाची नोंद एका निळ्या वहीत, खाली उस्तादाची सही. दिवस कमी पडले की मार्चच्या परीक्षेला बसायचं नाही. इतकं सरळ.

माझे उस्ताद म्हणजे विष्णु निषाद. राजाघाटाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान, समोर पायऱ्यांवर उलट्या घातलेल्या नावा. बनारसमध्ये आता बहुतेक मोठ्या नावा गॅसवर चालतात, आणि त्यांतल्या निम्म्यांची इंजिनं कधी ना कधी उस्तादांच्या हाताखालून गेलेली आहेत. ते इंजिनाला कान लावून सांगतात, "इसको सर्दी हुई है," आणि खरोखरच हवेची नळी चोंदलेली निघते. मला पहिल्या आठवड्यात त्यांनी 'पंडिताइन' म्हणायला सुरुवात केली. मी चिडले की जास्त म्हणायचे, म्हणून मी चिडणं सोडलं. मग ते 'बिटिया'वर आले.

उस्तादांना वाचता येत नाही. सही येते, ती बँकेसाठी शिकलेले आहेत, आणि करताना जीभ बाहेर काढतात. त्यामुळे निळ्या वहीचा एक रिवाज पडला. रोज पाच वाजता मी नोंद लिहायची आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे.

"चाय नहीं लिखी?"

"उस्ताद, चाय कोण लिहितं?"

"पी थी कि नहीं पी थी?"

"प्यालो."

"तो लिखो. जो हुआ, सो लिखो. हम सुने हुए पर दस्तखत करते हैं."

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक दिवसाला चहा आहे. मालविका मॅडमनी पहिल्या तपासणीत तांबड्या पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते खोडलं.

आता माझी करामत. नावेत गॅसची नवी टाकी बसवून इंजिन सुरू करायचं, तर सोळा कामं ठरलेल्या क्रमाने करावी लागतात. वर्गात त्याची छापील सूची देतात आणि बजावतात की सूची हातात धरा, एक काम झालं की एक खूण करा, मग पुढचं. वर्गातली बाकीची मुलं ग्रीसच्या बोटांनी कागद उलटसुलट करायची. मी ती सूची एका संध्याकाळीत पाठ केली, तीही बाबांच्या मुलांसारखी क्रमाने: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार. प्रत्येक काम दोनदा येतं, एकदा मागच्याचा हात धरून, एकदा पुढच्याचा. मधलं काही गळूच शकत नाही.

उस्ताद खूश झाले. ते काम करायचे, मी पायरीवर बसून ठेक्यात म्हणायचे, "मुख्य चावी बंद, जुनी नळी सोड, जुनी नळी सोड, तोंड पुसून घे." शेजारच्या नावांवरचे मल्लाह ऐकायला थांबायचे. एकाने विचारलंही, "ये कौन सा वेद है?" उस्ताद म्हणाले, "गैसवेद." सूचीचा कागद पिशवीतच राहायचा. काम संपलं की मी तो काढायचे आणि वरपासून खालपर्यंत सोळा खुणा एका दमात करून टाकायचे. शोभून दिसायचं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझे चाळीस दिवस भरले होते. वर्गात सगळ्यांच्या पुढे मी. बुधवारी मालविका मॅडमनी नवी सूची वाटली. "एक काम बढ़ा है, नौ नंबर पर. घर जाकर पढ़ना, और अपने उस्ताद को पढ़कर सुनाना. तुम नहीं सुनाओगे तो उन तक कैसे पहुँचेगा?" मी कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि पिशवीत टाकली. सोळाची सतरा झाली, त्यात काय बघायचं. रविवारी बघू.

गुरुवारी आणि शुक्रवारी आम्ही एका जुन्या इंजिनाची पोटदुखी काढत होतो, त्यामुळे टाकीचा प्रश्न आला नाही. बेचाळीस दिवस झाले. शनिवारी एक बजडा, म्हणजे वर छत असलेली मोठी नाव, आला. लग्नाची मंडळी होती. आमच्याकडे नवीन जोडपं गंगापूजेला येतं, आणि या काठापासून त्या काठापर्यंत फुलांची माळ सोडतात. नाव चालत राहते, माळ उलगडत जाते, बायका गातात. बजड्याची टाकी संपत आली होती, आणि मालक घाई करत होते, कारण नवऱ्या मुलीच्या मावशीने मुहूर्ताचा धोशा लावला होता.

आम्ही टाकी बदलली. मी पाठ म्हटला, उस्तादांनी हात चालवले. सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी सोळा खुणा केल्या. जुन्याच सूचीवर.

बजडा मधोमध गेला आणि थांबला. माळ अर्ध्या गंगेत तरंगत होती. आम्हाला काठावरून आधी वाटलं, फोटो काढत असतील. मग दुसरी नाव दोर बांधून त्याला ओढत आणताना दिसली. नावाड्याला गॅसचा वास आला होता, त्याने लगेच मुख्य चावी बंद केली आणि कोणाला काडीसुद्धा पेटवू दिली नाही. म्हणून काही झालं नाही. पण मावशी नाव लागायच्या आधीच ओरडायला लागल्या होत्या, आणि त्यांचा आवाज पाण्यावरून फार छान येत होता.

उस्तादांनी फळ्या उचलल्या. खाली, जिथे साबणाचा ब्रश पोचतच नाही, तिथला एक सांधा इंजिनाच्या रोजच्या हादऱ्याने आधीपासूनच ढिला झालेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बिटिया, सूची में कुछ छूटा?"

पायऱ्यांवर तीस-चाळीस माणसं. मावशी, नवरा मुलगा, बघे. मी मान वर केली आणि सोळाच्या सोळा कामं, एक-दोन, दोन-तीन करत, न अडखळता म्हणून दाखवली. खरं सांगते, मावशीसुद्धा गप्प झाल्या. "कुछ नहीं छूटा, उस्ताद," मी म्हणाले.

उस्ताद मालकांकडे वळले. "लड़की की सूची पूरी थी. इंजन हमने बाँधा, गलती हमारी है." आणि त्यांनी हात जोडले. पस्तीस वर्षांत त्यांच्यावर ही वेळ आली नव्हती, असं नंतर शेजारचे मल्लाह एकमेकांना सांगत होते, मला ऐकू येईल असं.

लग्नाच्या मंडळींना दुसरी नाव करून द्यायला उस्ताद स्वतः गेले. हात पुसायला फडकं हवं म्हणून मी पिशवीत हात घातला, तर चार घड्यांची पुडी हाताला लागली. उघडली. नऊ नंबर: टाकीची चावी उघडून परत बंद करा, आणि पाच मिनिटं दाबाच्या काट्याकडे बघा. काटा उतरला तर कुठेतरी न दिसणारी गळती आहे, इंजिन सुरू करू नका.

पाच मिनिटं. फक्त बघायचं होतं.

त्या दिवशी पाच वाजता वाचन झालं नाही. उस्ताद परत आलेच नव्हते. मी वही कोरी ठेवून घरी गेले.

आईने चहा ठेवला, माझं तोंड बघितलं आणि गॅस बंद केला. "काय झालं? कोणी बोललं काही?" मी आधी मालकांवर चिडले, मग मावशींवर, मग ज्याने सांधा फळीखाली ठेवला त्या कारागिरावर, मग मालविका मॅडमवर, की त्यांनी सूची बदललीच कशाला. आई सगळं ऐकत राहिली. चिडायला कोणी उरलं नाही तेव्हा मी पुडी काढून जमिनीवर ठेवली.

बाबा पुढच्या खोलीतून येऊन दारात उभे राहिले होते. मुलं गेली होती. त्यांनी कागद उचलला, चष्मा लावला, सगळा वाचला. बाबांना कागद वाचताना मी फार कमी पाहिलंय.

"क्रमाने पाठ केलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हो. एक-दोन, दोन-तीन. तुम्हीच म्हणता ना, त्यात काही गळत नाही?"

"पाठ केलेलं गळत नाही. हे तू पाठ कधी केलंस?"

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघायला लागले.

ते माझ्यासमोर मांडी घालून बसले, जसे मुलांसमोर बसतात. "आमच्या परीक्षेत म्हणणाऱ्याच्या हातात पोथी नसते. तुला तेवढंच दिसलंय. समोर जो बसतो ना, परीक्षक, त्याच्या मांडीवर पोथी उघडी असते. तो प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून ऐकतो. मी तीस वर्षं म्हणतोय, तरी माझ्यासमोर बसणाऱ्याच्या मांडीवर पोथी उघडी असते. तू त्या दिवशी कुठल्या बाजूला बसली होतीस?"

"म्हणायच्या."

"आणि खुणा कोणी केल्या?"

"मीच."

बाबांनी कागद माझ्या हातात दिला. "मग समोरची जागा रिकामीच होती," ते म्हणाले, आणि संध्येला उठून गेले. एक शब्द रागाने बोलले असते तर मी भांडले असते. मला भांडायचंच होतं.

रविवारी मी तीनदा राजाघाटापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. सोमवार ते बुधवार वर्ग होता. मॅडम दाबाविषयी काहीतरी शिकवत होत्या, मला फक्त काटा दिसत होता. आमच्या नियमावलीत मी स्वतः बघितलं: सुरक्षेची चूक नोंदली गेली तर आधीचे कामाचे दिवस धरत नाहीत, पहिल्यापासून मोजायचे. माझे बेचाळीस गेले असते. त्रेचाळिसावा दिवस कोरा होता. तिथे मी काय लिहायचं ते फक्त मीच ठरवणार होते, कारण उस्ताद ऐकून सही करतात, आणि ऐकवणारी मी. 'सांधा ढिला निघाला, दुरुस्त केला, चहा दोनदा' असं लिहिलं असतं तर त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. हा विचार मी पुष्कळ वेळ केला. केला नाही असं म्हणणार नाही.

बुधवारी दुपारी वर्ग सुटताना मॅडम म्हणाल्या, "मुक्ता, कल मैं राजाघाट आ रही हूँ. तुम्हारी कॉपी देखनी है." म्हणजे निळी वही.

संध्याकाळी घरी बसून मी नोंद लिहिली. एकदाच लिहिली, खाडाखोड न करता.

गुरुवारी सकाळी मी शेडवर पोचले तर मॅडम आधीच येऊन स्टुलावर बसल्या होत्या, आणि उस्ताद त्यांना कुल्हडातून चहा देत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आओ बिटिया. शनिवार का पढ़ना बाकी है." आवाज नेहमीसारखाच. माझ्यावर त्यांचा काडीचाही संशय नव्हता.

"पाच वाजता वाचू का?" मी विचारलं.

"मैडम आई हैं. अभी पढ़ो."

मी वही उघडली. उस्तादांनी डोळे मिटले.

"शनिवार. बजड्याची टाकी बदलली. चहा दोनदा. नवी सूची बुधवारी वर्गात मिळाली होती. त्यात नऊ नंबरला पाच मिनिटं काटा बघायचा होता. मी सूची उघडली नाही. उस्तादांना वाचून दाखवली नाही. ती पिशवीत होती. उस्तादांनी सगळ्यांसमोर विचारलं, काही सुटलं का. मी नाही म्हणाले. सुटलं होतं. चूक उस्तादांची नाही, माझी आहे."

इथे मराठीत सांगितलं, पण वहीत मी हे हिंदीत लिहिलं होतं, त्यामुळे लपायला जागाच नव्हती. मालविका मॅडमनी कुल्हड खाली ठेवलं. उस्तादांचे डोळे मिटलेलेच.

"दुबारा पढ़ो," ते म्हणाले.

मी परत वाचलं. 'पिशवीत होती' हे शब्दसुद्धा परत वाचले.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, गंगेकडे बघत बोलले. "हम तो तुम्हारी आँख से पढ़ते हैं. मैडम का कागज़ हो, बैंक का हो, हमारे लिए सब काला-काला है. तुमने कहा नहीं छूटा, तो हमने अपना हाथ जोड़ दिया सबके सामने." मग माझ्याकडे वळून, "गुस्सा गलती पर नहीं है. गलती हमसे भी होती है."

मला रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही. माफी मागितली. ती कशी मागितली ते इथे लिहिणार नाही, फार गचाळ होती.

त्यांनी वही ओढून घेतली, पेन मागितलं, जीभ बाहेर काढली आणि नोंदीखाली सही केली. म्हणजे चूक नोंदली गेली. मॅडमनी वही बंद करून मांडीवर ठेवली. त्या कडक आहेत, पण दुष्ट नाहीत. "नियम तुम्हें मालूम है. बयालीस दिन गए. मार्च की परीक्षा में नहीं बैठोगी, सितंबर में बैठोगी. अगर..." त्या थांबल्या आणि उस्तादांकडे वळल्या. "अगर कोई उस्ताद तुम्हें फिर पहले दिन से रखे. आप रखेंगे? नहीं तो मुझे दूसरी जगह ढूँढनी पड़ेगी."

मला वाटलं होतं की मला परीक्षेची काळजी आहे. तेव्हा कळलं की नाही. मला फक्त त्या शेडमध्ये राहायचं होतं. मी उस्तादांच्या पायातल्या रबरी चपलेकडे बघत उभी राहिले.

"सितंबर में तो बाढ़ रहती है," उस्ताद म्हणाले.

मॅडमना कळलं नाही. "जी?"

"सब नाव बँधी रहती है. काम-धाम कुछ नहीं. परीक्षा देने की फुरसत ही फुरसत." आणि मला म्हणाले, "खड़ी क्या हो? कागज़ निकालो. नौ नंबर सुनाओ."

मी पुडी काढली आणि पायरीवर बसले. पाठ म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हात केला. "नहीं. आज हम बोलेंगे. तुम कागज़ देखो." त्यांनी सोळा कामं म्हटली, माझ्याकडून ऐकून ऐकून त्यांना ती माझ्याच चालीवर पाठ झाली होती. आठवर आले आणि सवयीने पुढे निघाले. मी कागदावर बोट ठेवून बसले होते. "थांबा," मी म्हणाले. मग मी त्यांना नववं शिकवलं: आठ-नऊ, नऊ-दहा. साबणाचा फेस लाव, काटा बघ. काटा बघ, इंजिनाची चावी दे. मी एकदा, ते दोनदा. मालविका मॅडम चहा संपवून जाईपर्यंत आमचं तेच चाललं होतं, आणि शेजारचा मल्लाह विचारत होता की गैसवेदाचा नवीन अध्याय आला का.

त्याच दुपारी उस्ताद मला घेऊन बजड्याच्या मालकांकडे गेले. मी सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "अच्छा," आणि मग उस्तादांना पान दिलं. मला नाही दिलं. ते योग्यच होतं.

पाच वाजता लिहिलं, 'दिवस पहिला.' वाचून दाखवलं. चहा एकदा. सही झाली.

पण उस्तादांनी मला सहज सोडलं असं समजू नका. त्या दिवसापासून दर गुरुवारी, मी शेडमध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न: "क्लास से क्या लाई?" आणि पिशवी फळीवर उलटी करायला लावायचे. मग एकेक कागद उचलून समोर धरायचे. "ये क्या है?" वर्गाची टिपणं. वाचा. "ये?" ऑटोवाल्याने लिहून दिलेला फोन नंबर. वाचा. "और ये?" आईची सामानाची यादी. ती पण वाचा. एकदा मी हिंगाची पुडी ज्या कागदात होती तोसुद्धा वाचून दाखवला, कुठल्या तरी दुकानाच्या उद्घाटनाचा होता. उस्ताद गंभीरपणे ऐकून घ्यायचे. घाटावर माझी पुष्कळ चेष्टा झाली. मी एकदाही चिडले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की ही लहान गोष्ट नाही.

मार्चमध्ये वर्गातली बाकीची मुलं परीक्षेला बसली. मी त्या आठवड्यात एका बजड्याचा काटा बघत होते, पाच मिनिटं, घड्याळ लावून. बाबांनी एकदा विचारलं, "समोरच्या जागेवर कोणी बसतं का आता?" मी म्हणाले, मी बसते, उस्ताद म्हणतात. आठवड्यातून एकदा उलट. ते "हं" म्हणाले. आमच्या घरात "हं" पुष्कळ असतं.

जूनच्या मध्यावर, उन्हाने पायऱ्या तापलेल्या असताना, सेहेचाळिसाव्या दिवशी मी गुरुवारची शेडमध्ये आले. उस्ताद एका इंजिनाला कान लावून वाकले होते. मला बघून त्यांनी हाताने खुणावलं, पाना दे. मी दिला. त्यांनी नट सोडवला, पुसला, परत लावला. मी वाट बघत उभी राहिले. ते दुसऱ्या नटाकडे वळले.

"उस्ताद," मी म्हणाले, "आज विचारलं नाही."

"क्या?"

"क्लास से क्या लाई."

त्यांनी वर न बघता सांगितलं, "कुछ होगा तो तुम बताओगी."

मी पाठ फिरवून डोळे पुसले. मग फळीवर पिशवी उलटी केली, आणि पहिला कागद उचलून मोठ्याने वाचायला लागले.